बोटीसाठी घरी शिवताना आधी धागा, मग कापड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: लहान शिडाची बोट आहे, घरी साधं शिलाई मशीन आहे. दोरांच्या पिशव्या, फेंडरची (बोट धक्क्यावर घासू नये म्हणून बाजूला टांगायच्या फुगीर गाद्यांची) कव्हरं, बसायच्या गाद्या आणि जमलं तर शिडाचं कव्हरही स्वतः शिवायचं आहे. पण गेल्या हंगामात शिवलेली कव्हरं कापड धड असताना शिवणीवरच उसवली. मशीन बदलावं का, कापड कोणतं घ्यावं, सुरुवात कशापासून करावी?

यातलं जवळजवळ सगळं घरच्या मशीनवर होतं, त्यामुळे मशीन बदलायची घाई करू नका. कापड धड आणि शिवण उसवलेली, असं दिसलं की दोष धाग्याचा असतो. बोटींसाठी शिवणकाम करताना माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या कव्हरांपैकी बहुतेकांचं दुखणं हेच असतं. लोक कापडाचा रंग आणि पोत निवडण्यात कितीतरी वेळ घालवतात, आणि धागा मात्र घरात असेल तो लावतात. उघड्यावर राहणाऱ्या वस्तूत हा क्रम उलटा हवा.

त्याचं कारण समजून घ्या, म्हणजे पुढचे निर्णय सोपे होतील. कापडातला प्रत्येक तंतू शेजारच्या तंतूंच्या आडोशाला असतो. टाका मात्र कापडावर उठून बसतो. ऊन आधी त्याला लागतं, घासही आधी त्यालाच बसते, आणि खारं पाणी वाळल्यावर उरलेले मिठाचे कणही त्याच्याच भोवती अडकतात. सुती धागा ओलाव्यानं कुजतो. नायलॉनचा धागा ताकदीला उत्तम, पण सूर्याच्या अतिनील किरणांपुढे पॉलिस्टरइतका टिकत नाही, आणि भिजला की सैलावतो. कपड्यांसाठीचा बारीक पॉलिस्टर धागा जातीनं बरा, पण इतका बारीक की उन्हानं वरचा थर खाल्ल्यावर आत फारसं काही उरत नाही.

तुम्हाला हवा तो बाँडेड पॉलिस्टर धागा. अखंड तंतूंचा पीळ आणि वरून राळेसारख्या पदार्थाचा पातळ लेप, त्यामुळे सुईतून हजारदा ये-जा करताना तो पिंजत नाही. जाडी ‘टेक्स’मध्ये मोजतात; टेक्स म्हणजे १००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. घरच्या मशीनला टेक्स ७० सहज चालतो. दुकानात तो व्ही-६९ या नावानंही मिळतो. मशीन जुनं, लोखंडी बांध्याचं असेल तर टेक्स ९० म्हणजे व्ही-९२ सुद्धा बहुधा ओढतं. त्याहून जाड, टेक्स १३५ वगैरे, घरच्या मशीनवर लादू नका. त्याला लागणारी सुईच बसत नाही आणि ताणाची चकती तो नीट धरत नाही. वर आणि बॉबिनमध्ये एकच धागा घाला. वर भारी धागा आणि खाली साधा, अशी काटकसर केली तर खालचा तुटतो आणि वरचा आपोआप सुटत जातो.

याच्याही वरचा प्रकार म्हणजे पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनच्या जातीचा धागा. ऊन, मीठ, साबण यांचा त्याच्यावर जवळजवळ परिणाम होत नाही. बहुतेक वेळा कापड आधी जातं. पण तो महाग असतो आणि अतिशय गुळगुळीत. त्यासाठी ताण बराच सैल करावा लागतो आणि शिवणीच्या दोन्ही टोकांना उलटी टीप नेहमीपेक्षा लांब मारावी लागते, नाहीतर टोक निसटतं. त्याचं टोक तापवून बंद करायला जाऊ नका, कात्रीनंच कापा. वर्षभर उन्हात राहणाऱ्या बोटीवरच्या कापडी छताला किंवा शिडाच्या कव्हराला हा खर्च पटतो. पिशव्या आणि गाद्यांना बाँडेड पॉलिस्टर पुरेसा आहे.

उसवलेली जुनी कव्हरं टाकून देऊ नका. जिथे टीप अजून शाबूत दिसते तिथे टाक्याखाली टाचणी घालून हलकेच उचला. धागा पटकन तुटला तर सगळ्याच शिवणींचं आयुष्य संपलेलं आहे. फक्त उसवलेला भाग शिवून उपयोग नाही, महिन्याभरात शेजारची शिवण जाईल. कापड धुऊन, वाळवून, सगळ्या शिवणींवर जुन्या टिपेच्या अगदी लगत नवी टीप मारा. जुना धागा उसवत बसायची गरज नाही. एखाद्या दुपारचं काम आहे आणि कव्हराला दुसरं आयुष्य मिळतं.

आता मशीन. टेक्स ७० साठी १०० किंवा ११० नंबरची सुई लागते. पाकिटावर १६ किंवा १८ असंही लिहिलेलं असतं. टाके सुटत असतील तर आधी सुई बदला, मग एक नंबर मोठी लावून पाहा, आणि त्यानंतरच मशीनला दोष द्या. टाक्याची लांबी ४ ते ५ मिलिमीटर ठेवा. कपडे शिवायची सवय असलेल्यांना हे फार लांब वाटतं, पण जाड, घट्ट विणीच्या कापडात बारीक टाके घातले की भोकांची ओळ तयार होते आणि ताण आला की कापड त्याच ओळीवर फाटतं. लांब टाका जाड कापडात बसतोही नीट. ताण असा जुळवा की वरच्या आणि खालच्या धाग्याची गाठ कापडाच्या पोटात राहील. वर किंवा खाली ठिपके दिसले तर जुळलेला नाही. ही जुळणी खऱ्या तुकड्यावर करू नका. त्याच कापडाची चिंधी घ्या, तुमच्या कामात जिथे सर्वांत जास्त थर येणार तेवढ्या घड्या घाला आणि तिच्यावर शिवून पाहा. मशीन तिथे अडलं तर नमुना बदला, म्हणजे एवढे थर एकाच जागी येणार नाहीत. मोटरच्या जोरावर रेटू नका.

जाड जागी चाक हातानं फिरवा. सुईजवळ कापड दाबून धरणारं फूट एका बाजूनं वर चढून तिरकं झालं की टाके आखडतात. अशा वेळी फुटाच्या मागे तेवढ्याच जाडीची घडी सरकवून ठेवली की फूट सपाट राहतं आणि कापड पुढे सरकतं. वरचं आणि खालचं कापड एकाच वेगानं ओढणारं वॉकिंग फूट तुमच्या मशीनला मिळत असेल तर जरूर घ्या, लांब शिवणीत वरचं कापड पुढे पळत नाही. टाचण्यांऐवजी चिमटे वापरा, कारण पाणी अडवणाऱ्या कापडात पडलेलं भोक तसंच राहतं. लांब शिवणींना ६ मिलिमीटर रुंदीची दुहेरी चिकटपट्टी लावून कापड आधी चिकटवून घ्या. कच्चा टाका घालायला नको आणि कडा सरकत नाहीत. फक्त पट्टीच्या अगदी मधून टीप जाऊ देऊ नका, सुईला गोंद लागतो. लागलाच तर स्पिरिटचा बोळा फिरवा.

कापडाबद्दल मी ठाम आहे: उघड्यावर राहणाऱ्या वस्तूंना तंतूतच रंगवलेलं अ‍ॅक्रिलिक घ्या. या कापडात रंग तंतू तयार होण्याआधीच आत मिसळलेला असतो, त्यामुळे तो वर्षानुवर्षं उडत नाही. बोटींसाठीचं कापड साधारण ३०० ग्रॅम प्रति चौरस मीटर वजनाचं असतं. पाणी त्याच्यावरून ओघळतं, पण हवा आरपार जाते, म्हणून आत कोंदट होत नाही. त्याचा दुबळा भाग म्हणजे घास. एखाद्या कोपऱ्यावर किंवा तारेवर सतत घासलं तर ते विरतं. तिथे आतून पीव्हीसीचा लेप दिलेल्या कापडाचा किंवा चामड्याचा तुकडा लावा, आणि तो कापड विरायच्या आधी, शिवतानाच लावा.

पीव्हीसीचा लेप असलेलं पॉलिस्टर पाणी पूर्ण अडवतं आणि घासही सोसतं, पण श्वास घेत नाही. ते मी कप्प्यांच्या तळाला, सामानाच्या पिशव्यांना आणि ठिगळांना वापरते, सगळी बोट झाकायला नाही. तिसरी जात जाळीची: पीव्हीसीचा लेप दिलेल्या पॉलिस्टर धाग्यांची. पिशव्यांचे तळ आणि गाद्यांची खालची बाजू यांसाठी तिला पर्याय नाही. सुती कॅनव्हास शिवायला फार सुखाचं, पण ओलं राहिलं की त्यावर काळी बुरशी धरते. त्याला केबिनच्या आत ठेवा.

अ‍ॅक्रिलिकच्या कापलेल्या कडेचे धागे निघतात. तापत्या पात्यानं कापलं तर कड वितळून बंद होते. सोल्डरिंग गनवर बसणारं पातं मिळतं, खाली काच किंवा धातूची पट्टी ठेवायची आणि खिडकी उघडी ठेवायची. पीव्हीसी मात्र कधीही असं कापू नका. ते जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, तो फुप्फुसांना इजा करतो. पीव्हीसीची कड मुळात सुटतच नाही, कात्री पुरते.

शिवणीची रचना करताना एकच गोष्ट डोळ्यांसमोर ठेवा, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं. उतारावर दोन तुकडे जोडताना वरचा तुकडा खालच्यावर चढला पाहिजे, कौलं बसवतात तसा. उलटं झालं तर शिवण म्हणजे पाणी अडवणारी पन्हळ होते. मी जवळजवळ सगळीकडे जीन्सच्या पायावर असते ती दुहेरी टिपेची चपटी शिवण घालते. दोन्ही कडा एकमेकींत दुमडल्या जातात, धागे निघायला वाव राहत नाही आणि एक टीप तुटली तरी दुसरी धरून असते. शिवणीसाठी १२ मिलिमीटर माया सोडा; ज्या काठावर बटणं किंवा रिंगा बसणार तिथे ४ सेंटीमीटर, म्हणजे दुमडल्यावर दोन-तीन थर मिळतात. वळणदार काठाला उरेब पट्टी लावा, सरळ काठाला सरळ पट्टी चालते. सरळ काठालाही उरेब लावली तर ती ताणली जाऊन काठ लाटेसारखा होतो.

सुरुवात दोराच्या पिशवीपासून करा. वस्तू लहान आहे, बिघडली तर कापड फार जात नाही, आणि हिच्यात बोटीच्या शिवणकामाचं जवळजवळ सगळं येतं: जाळी, जाड काठ, कोपरे, अडकवायची सोय. मागचा तुकडा साधारण ३२ सेंटीमीटर रुंद आणि ४० उंच घ्या. पुढचा तुकडा तेवढाच उंच, पण रुंदीला ४६. हा जास्तीचा घेर खालच्या काठाला दोन्ही बाजूंना चुण्या घालून मिटवायचा, वर मात्र तसाच ठेवायचा, म्हणजे पिशवी फुगते आणि तोंड उघडं राहतं. पुढच्या तुकड्याचा खालचा १२ ते १५ सेंटीमीटर भाग जाळीचा करा. ओला दोर त्यात पडला तरी पाणी निथळतं आणि वाळू खाली गळते. पुढच्या वरच्या काठाला ३ सेंटीमीटरची नळी शिवून तिच्यात प्लॅस्टिकची लवचीक पट्टी सरकवा. या पट्टीमुळे एका हातानं घाईत दोर आत कोंबता येतो. मऊ तोंडाची पिशवी वाऱ्यात मिटते आणि मग दोर पुन्हा पायाखालीच राहतात.

क्रम असा ठेवा: आधी जाळी आणि कापड जोडून पुढचा पूर्ण तुकडा करा, मग वरची नळी, मग चुण्या, मग पुढचा आणि मागचा तुकडा उलट बाजूनं जोडा. शेवटी तिन्ही कडांवर पट्टी चढवून शिवा. वरच्या कोपऱ्यांवर सर्वांत जास्त ओढ येते, तिथे आतून पीव्हीसीचं ठिगळ आणि टिपांचा चौकोन, त्यात फुली. कठड्याच्या तारेला अडकवायची असेल तर मागच्या तुकड्याला वर दोन पट्टे लावा. पट्टे पॉलिस्टरचे घ्या. स्वस्तातला पॉलिप्रॉपिलीनचा पट्टा उन्हात ठिसूळ होऊन हातात भुगा येतो.

फेंडरचं कव्हर म्हणजे दोन्ही टोकांना आवळायची नाडी असलेली नळी. पॉलिस्टरचं फ्लीस चालतं, तेच बोटीच्या रंगाला मऊ पडतं. घेर टेपनं मोजा, माया मिळवा, शिवा. फ्लीस थोडं ताणतं म्हणून इथे झिगझॅग टाका हवा. विंचच्या (दोर ओढायच्या फिरत्या रिळाच्या) टोपीसाठी सर्वांत रुंद जागी घेर मोजून त्यात २ ते ३ सेंटीमीटर सैल सोडा आणि खालच्या काठात इलॅस्टिक घाला. टोपीचा गोल तुकडा नळीला जोडताना लोकांची फार तारांबळ उडते. गोलाचे आणि नळीच्या काठाचे चार-चार समान भाग करून खडूनं खुणा करा, खुणेला खूण लावून चिमटे बसवा आणि नळीच्या मायेला दर सेंटीमीटरवर बारीक काप द्या. सरळ काठ मग मुकाट्यानं गोलावर बसतो. सुकाणूच्या दांड्याचं कव्हर तर साधं लांबट म्यान आहे. फक्त दांडा ओला असताना चढवू नका, लाकूड आतल्या आत काळं पडतं.

नांगरवाडीत किंवा धक्क्याला बांधायच्या दोरांना घासरोधक शिवणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. नायलॉनचा दोर लाटेसरशी ताणतो-आखडतो तेव्हा आतून तापतो. त्याच्याभोवती घट्ट प्लॅस्टिकची नळी असेल तर उष्णता कोंडते आणि पाणी आत पोचत नाही. विणलेल्या जाड पॉलिस्टरची किंवा चामड्याची नळी शिवा, दोरापेक्षा थोडी सैल, आणि दोन्ही टोकांना बांधायची दोरी ठेवा म्हणजे ती जागची हलणार नाही.

गाद्यांकडे वळते, कारण तिथे कापडापेक्षा फोममध्ये जास्त पैसे आणि पस्तावा जातो. सोफ्याचा साधा फोम पाणी शोषतो आणि सोडत नाही. गादी वरून कोरडी वाटते आणि बसलं की कपडे भिजतात. उघड्यावरच्या बैठकीसाठी दोनच पर्याय आहेत. एक, बंद पेशींचा फोम: पाणी शोषतच नाही, पण कडक असतो, ५ सेंटीमीटर जाडी पुरे. दुसरा, मोठ्या उघड्या छिद्रांचा, पाणी आरपार वाहू देणारा फोम: बसायला फार छान, ७ ते १० सेंटीमीटर घ्या, आणि खालची बाजू जाळीची करा. जाळी नसेल तर महाग फोम घेऊन काहीच साधलं नाही, कारण पाण्याला बाहेर पडायला वाटच नाही.

फोम खोळीपेक्षा प्रत्येक बाजूनं ५ ते ६ मिलिमीटर मोठा कापा, म्हणजे खोळ ताठ बसते. कापायला विजेवर चालणारी पाव कापायची सुरी सर्वांत चांगली. पुढच्या टोकातल्या झोपायच्या गाद्यांना माप एकदाच घेऊन भागत नाही: तिथे बोटीची भिंत तिरकी असते, त्यामुळे गादीचा वरचा आकार खालच्यापेक्षा मोठा निघतो. जाड कागदाचे दोन नमुने काढा, एक वरचा आणि एक खालचा, आणि कागदावरच लिहून ठेवा: डावी, उजवी, वरची बाजू, पुढचं टोक. घरी आल्यावर दोन्ही कागद सारखेच दिसतात.

चेन मागच्या पट्टीत बसवा आणि दोन्ही कोपऱ्यांवरून १० ते १५ सेंटीमीटर पुढे वळवून न्या. फोम आत घालताना तेवढं तोंड लागतंच. चेन प्लॅस्टिकच्या ओतीव दातांची घ्या, रनरही प्लॅस्टिकचा किंवा स्टेनलेसचा. धातूचे दात खाऱ्या हवेत एका हंगामात धरून बसतात. गाद्यांना ५ नंबर पुरतो, छताच्या बाजूंना १० नंबर लागतो. चेनवर ऊन पडत असेल तिथे वरून कापडाची झाप ठेवा. फोम आत सरकत नसेल तर पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, व्हॅक्यूम क्लीनरनं हवा ओढून तो आकसू द्या, आत सारा आणि प्लॅस्टिक फाडून काढा. गाद्यांच्या काठाला पायपिंग घालू नका असंच मी सांगेन. दिसायला सुबक असतं, पण घास आधी त्याच्यावरच येते आणि आतली दोरी पाणी धरून ठेवते.

शिडाचं कव्हर हे या सगळ्यात सर्वांत मोलाचं काम आहे. शीड बहुधा पॉलिस्टरचं असतं आणि त्याचा मोठा शत्रू ऊनच, म्हणून कव्हर म्हणजे शिडाचं आयुष्य. माप घेण्यापूर्वी शीड रोज जसं घडी करून बांधता तसंच बूमवर, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या दांड्यावर बांधा. आटोपशीर घडीवर घेतलेलं माप एरवी पुरत नाही. डोलकाठीजवळ, मध्ये आणि बूमच्या टोकाला घेर मोजा. मधलं माप दोन-तीन ठिकाणी घेतलं तर उत्तम, कारण घडी सरळ रेषेत उतरत नाही. नमुन्यासाठी स्वस्त प्लॅस्टिकचा कागद वरून पांघरून चिमट्यांनी ताणून बसवा, डोलकाठीवरच्या विंच आणि खुंट्या कुठे येतात त्या खुणा करा, मग काढून कापा.

कापडाचा पन्हा ११७ किंवा १५२ सेंटीमीटर असतो. त्यात बसत असेल तर कापड बूमवरून आडवं टाका, म्हणजे माथ्यावर शिवण येणार नाही. माथ्यावर ऊन सर्वांत जास्त आणि पाणीही तिथेच पडतं. जोड देणं भागच असेल तर तो एका बाजूला उतारावर घ्या. खालचा काठ घट्ट बंद करू नका. ओलं शीड आतच वाळलं पाहिजे, त्यासाठी खालून हवा हवी. हूक आणि लवचीक दोर, किंवा फिरकीची बटणं दर ३० ते ४० सेंटीमीटरवर पुरतात. डोलकाठीभोवतीची कॉलर वरच्या टोकाला दोरीनं आवळता येईल अशी ठेवा, नाहीतर पावसाचं पाणी डोलकाठीवरून थेट आत उतरतं.

टिचबटणं बोटीच्या फायबरमध्ये बसवायची असतील तर ती सर्वांत शेवटी. आधी कव्हर पूर्ण शिवा, बोटीवर ताणून बसवा, पुढच्या मध्यापासून सुरुवात करून एक डावीकडे, एक उजवीकडे असं करत खुणा करा. बटणं ३१६ प्रतीच्या स्टेनलेसची घ्या. त्यात मॉलिब्डेनम असतं म्हणून खाऱ्या पाण्यात ते साध्या ३०४ पेक्षा जास्त टिकतं. भोक पाडण्यापूर्वी वरच्या चकचकीत लेपाला मोठ्या ड्रिलनं हलकी खळगी करा, नाहीतर स्क्रू आवळताना लेपाला तडे जातात. डेकच्या आत बाल्सा लाकडाचा किंवा फोमचा गाभा असेल तर उघड्या भोकातून पाणी शिरून गाभा सडतो. भोक थोडं मोठं पाडून इपॉक्सीनं भरा, घट्ट झाल्यावर त्यात पुन्हा बारीक भोक पाडा आणि सीलंट लावून स्क्रू बसवा. एका टिचबटणासाठी हा सोपस्कार फार वाटेल, पण डेक दुरुस्त करण्यापुढे काहीच नाही.

तुम्ही छताबद्दल विचारलं नाहीत, पण कव्हर जमलं की पुढचा विचार तोच येतो, म्हणून दोन गोष्टी आत्ताच सांगते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३६ किलोमीटर वाऱ्यात आडव्या येणाऱ्या एक चौरस मीटर कापडावर ढोबळमानानं ६ किलो भार येतो. वेग दुप्पट, म्हणजे ७२ झाला की तो २५ किलोच्या आसपास जातो. तीन चौरस मीटरच्या पडद्याला धरून ठेवायला तेव्हा ७५ किलोची ओढ सोसणाऱ्या शिवणी आणि रिंगा हव्यात. पाण्याचंही तसंच: एक चौरस मीटर खोलगट जागेत २ सेंटीमीटर पाणी साचलं तर २० किलो वजन झालं. म्हणून छताला उतार द्या, मधून आधार द्या, आणि वारा वाढणार असेल तर झटकन काढता येईल अशी बांधणी ठेवा. दुसरी गोष्ट जिवाची आहे. बाजू बंद केलेल्या छताखाली इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवू नका. बोटीच्या मागच्या बाजूनं धूर आत ओढला जातो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. पडदे शिवताना मागची बाजू आणि पुढची एक तरी झडप पूर्ण उघडता येईल अशी ठेवा, आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी ती उघडा.

माणसाचा भार घेणाऱ्या वस्तूंना वेगळा नियम. झोपलेला माणूस कलत्या बोटीत बिछान्यावरून पडू नये म्हणून लावायचं कापड घरी शिवता येतं, पण दुहेरी कापडाचं, आतून खालपर्यंत गेलेल्या पट्ट्यांचं, आणि खालचा काठ लाकडी पट्टीखाली दाबून स्क्रूनं घट्ट केलेला हवा. नुसत्या रिंगांवर ते सोडू नका. बोटीला अडकून राहायचे सुरक्षा-पट्टे आणि लाइफ जॅकेट मात्र घरी शिवू नका, दुरुस्तही करू नका. फुगणाऱ्या जॅकेटला खिसा किंवा बिल्ला शिवायला गेलेली एक सुई आतल्या पिशवीला भोक पाडते, आणि ते भोक पाण्यात पडल्यावरच कळतं. बंद पेशींच्या फोमची गादी तरंगते म्हणून तिला जीवरक्षक समजू नका.

पारदर्शक खिडक्या शिवायची वेळ आली तर आधी पूर्ण कापडावर प्लॅस्टिक शिवून घ्या आणि नंतर मागचं कापड खिडकीच्या आकारात कापा. कापडाला आधी भोक पाडलं तर ते ताणून वाकडं होतं आणि खिडकी कधीच सपाट बसत नाही. अशा खिडक्या घडी न करता गुंडाळून ठेवा, मध्ये मऊ कापड घालून. अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रावण त्यांना लावू नका. अंगाला लावायचं उन्हाचं क्रीम आणि डास घालवायचं औषध यांचे हात लागले तरी प्लॅस्टिकवर डाग राहतात.

देखभाल थोडीच आहे. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्यानं मीठ धुऊन टाका. मीठ हवेतला ओलावा ओढतं, म्हणून खारवलेलं कापड पूर्ण कधी वाळतच नाही. अ‍ॅक्रिलिकवर दिसणारी बुरशी तंतूवर नाही, त्याच्यावर साचलेल्या मळावर वाढते. मऊ ब्रश, सौम्य साबण आणि थंड पाणी पुरेसं. ड्रायरमध्ये घालू नका, आकसतं आणि बटणं आपापल्या जागी पोचत नाहीत. पाणी ओघळायचं थांबून कापडात जिरू लागलं तर कापड गेलं असं समजू नका, वरचा जलरोधक लेप संपलेला असतो; धुऊन पूर्ण वाळल्यावर फवाऱ्यानं तो पुन्हा चढवता येतो. चेनच्या दातांवर हंगामातून एकदा मेणाची कांडी फिरवा. त्याच दिवशी सगळ्या शिवणींवर ती टाचणीची परीक्षा करून घ्या, आणि जिथे धागा तुटेल ते कव्हर तेव्हाच घरी न्या.